स्कायरिमच्या वस्त्या: नकाशा भारी, पण गावं खाणार काय?

नकाशेबाज: स्कायरिम या व्हिडिओ गेमचे डोंगर-नद्या अप्रतिम, वस्त्या मात्र नुसता देखावा. विंटरहोल्डच घ्या. नऊ होल्डांपैकी, म्हणजे प्रांतांपैकी, एकाची राजधानी, आणि आहे काय? एक खानावळ, एक दुकान, यार्लचा (होल्डच्या सरदाराचा) वाडा, क्रालदार नावाच्या रहिवाशाचं घर. शेत नाही, खाण नाही, धक्का नाही. तिथल्या जादूच्या कॉलेजातले जादूगार बर्फ खातात का?

पायवाट: उदाहरण चुकलं. चौथ्या युगातल्या 122 सालच्या पडझडीत बहुतेक शहर समुद्रात गेलं, खेळ घडतो 201 मध्ये. उरलाय तो शहराचा काठ.

वस्त्या तपासायच्या तर फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी) न वापरता इलिनाल्टा तळ्यापासून व्हाइट नदीच्या काठाने चाला. रिव्हरवुडला जंगल आणि उताराचं पाणी, म्हणून सॉ मिल, लाकूड कापायची गिरणी. पुढे माळ लागतो तिथे व्हाइटरन शहराची शेतं: पेलाजिया, चिलफरो, बॅटल-बॉर्न. मग नदी पूर्वेला घळीत शिरते आणि धबधब्यांनी खाली उतरते. होडी चालणार नाही, म्हणजे विंडहेल्म बंदरातला माल गाडीरस्त्यानेच वर चढवायचा. आणि त्या रस्त्यावर, घळीच्या तोंडाशी व्हॅल्थाइमचे बुरूज, 200 नाणी मागणाऱ्या दरोडेखोरांसकट. नाक्याला याहून चांगली जागा दाखवा.

नकाशेबाज: नाका मान्य. पण व्हाइटरन टेकडीवर, नदी खाली माळावर, आणि ड्रॅगन्सरीचपासून, म्हणजे माथ्यावरच्या यार्लच्या राजवाड्यापासून, शहरभर पाट खळखळतायत. पाणी वर चढवतं कोण?

लोडिंग_चालू_आहे: तुम्ही शेतं मोजत बसा, खरी मोजणी मेमरीची आहे. व्हाइटरन, सॉलिट्यूड, विंडहेल्म, रिफ्टन, मार्कार्थ ही पाच शहरं तटाआड वेगळ्या जगात ठेवलीत. दार उघडलं की लोडिंग. डॉनस्टार, मॉर्थल, फॉकरीथ, विंटरहोल्ड उघड्यावर, त्यामुळे तिथलं प्रत्येक घर आजूबाजूच्या डोंगरांसोबतच लोड होतं. 2011 साली प्लेस्टेशन 3 मध्ये मुख्य मेमरी होती 256 एमबी, म्हणून घरं कमी. वेशी उघड्या ठेवणारे मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) आहेत, पण शहरात बदल करणारा दुसरा मॉड सोबत असेल तर दोघांना जुळवणारा पॅच लागतोच. कारण त्याच्या वस्तू जुन्या, बंद शहरातच मांडल्या जातात आणि तुम्हाला दिसतच नाहीत.

पायवाट: मेमरीने घरं कमी केली, जागा नाही बदलली. डॉनस्टारला दोन अंगांना दोन खाणी, लोखंडाची आणि क्विकसिल्व्हर या धातूची, मध्ये बंदर. घरं दहापट करा, गाव तिथेच शोभेल.

नकाशेबाज: डॉनस्टार सोडलं. मॉर्थल? दलदल, एक सॉ मिल. होल्डातली लोखंडाची खाण स्टोनहिल्सला, आणि तिची मालकीण ब्रायलिंग राहते सॉलिट्यूडला. नफाही तिकडेच जाणार.

पायवाट: म्हणजे मॉर्थल गरीब का, ते तुम्हीच सांगितलंत.

नकाशेबाज: गरीब चालेल हो, उपाशी कसं चालेल?

पायवाट: मासे. हार्थफायर या खेळाच्या नंतरच्या विस्तारात 5000 नाण्यांना घरासाठी जमीन मिळते; फॉकरीथच्या लेकव्ह्यूला मधमाश्यांची पेटी बसते, हेल्यार्चेनला धान्याची गिरणी, आणि मॉर्थलच्या याच दलदलीतल्या विंडस्टॅडला मत्स्यपालन. कुठल्या जमिनीत काय पिकतं, हे बनवणाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. 2011 मध्ये तेवढं दाखवायचं राहिलं.