मागच्या काचेचा वॉशर आणि आठ हजारांचं एस्टिमेट

म्हापसेकर
कालच्या पोस्टवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यात एकाने सल्ला दिलाय: मागचा वॉशर बंद पडला तर गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये द्या, सांगतील तेवढे भरा, चार पैसे वाचवायला गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडून गाडीची वाट लावून घेऊ नका. ‘सांगतील तेवढे भरा’ हे का म्हणून?

माझ्या हॅचबॅकचा पुढचा वॉशर झकास चालतो, मागे थेंब येत नाही. लिव्हर ढकलला की मोटरचा आवाज मात्र येतो. वर्कशॉपचं एस्टिमेट: नवीन पंप, पूर्ण पाइप, नोझल, छत उतरवायची लेबर, सगळं मिळून आठ हजारांच्या वर. माझ्या गाडीत टाकी एक, पंपही एकच. मोटर एका दिशेने फिरली की पाणी पुढे, उलटी फिरली की मागे. मग पंप गेला हे ठरवलं कुणी? विचारलं तर ‘सर, सिस्टममध्ये तसंच येतं.’ घरी डिकी उघडून बिजागरीजवळचं, पाइपवरचं रबर सरकवलं. आत ओल, छताच्या कापडावर कडेला पिवळा डाग, आणि पाइप जोडातून निसटलेला. त्यांनी रबराला हातही लावला नव्हता.

फोंड्याचा गॅरेजवाला
बरोबर जागा सापडली तुम्हाला. डिकी उघडझाप होऊन पाइप तिथेच वाकतो, उन्हाने कडक होतो आणि तडकतो. पाणी मग काचेवर न येता छतात नाहीतर स्टेपनीच्या खड्ड्यात जातं. माझ्याकडे गाडी आली की मी आधी नोझलमध्ये बारीक सुई घालून बघतो, मग हे रबर. मोटरचा आवाजच नसेल तर फ्यूज आणि वायरिंग. पंपाचं नाव सगळ्यात शेवटी. एवढ्याशा पाइपच्या तुकड्यासाठी आठ हजार सांगताना जीभ कशी रेटते यांची?

माजी सर्व्हिस अॅडव्हायजर
मी अशाच वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो. एकाच पंपात दोन वाटा असतात आणि आत व्हॉल्व असतो. तो अडकला तर पुढे पाणी येतं, मागे येत नाही, मोटरचा आवाजही येतो. तेव्हा पंपाचा संशय खुळा नाही. जोड लावून पाइप चालवायला आम्हाला परवानगी नसते, कंपनी पूर्ण पाइपच बदलायला सांगते. तो बदलायचा तर छत उतरवावं लागतं, आणि कडेला कर्टन एअरबॅग, म्हणजे खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग, असते. तिथे कुणी स्क्रूड्रायव्हर घालून खेळलं तर जबाबदार कोण? गॅरेजवाले, तुम्ही लेखी देता का?

फोंड्याचा गॅरेजवाला
बिल देतो, त्यावर माझी सही असते. एअरबॅगला हात लावायचं कारणच नाही, जोड मागच्या कडेला असतो. गिऱ्हाईकाला एअरबॅगची भीती घालू नका.

साखळीकर
वॉशर लागतो कशाला ते बोला ना. हॅचबॅकची मागची काच रस्त्यावरची सगळी धूळ ओढून घेते. आमच्याकडे खनिजाच्या ट्रकामागून गेलं की काच लाल. पावसात त्याचाच चिखल. वायपर कोरडा फिरवला की काचेवर ओरखडे. आधी ते ट्रक आवरा.

पाळीचा ट्रकमालक
आलं का खाणीवर! २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. परत जरा चाकं फिरायला लागली, तर २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजेस रद्द केल्या. माझा ट्रक अंगणात उभा राहून गंजला, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. भावाने दोन्ही ट्रक भंगाराच्या भावात विकले. तुमच्या काचेवर धूळ बसते म्हणून आमची चूल बंद ठेवायची?

साखळीकर
चूल बंद ठेवा असं कुणी म्हटलं? ताडपत्री बांधा आणि रस्त्यावर पाणी मारा एवढंच म्हणतो. माझ्या आईला दमा आहे. ट्रक चालायचे तेव्हा आम्ही दिवसा खिडकी उघडत नव्हतो.

पाळीचा ट्रकमालक
ताडपत्री मी नेहमी बांधत आलो. न बांधणाऱ्यांना पकडा, सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आईची काळजी घ्या. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

मडगावची वकील
बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल अशी भीती वर्कशॉपवाले दाखवतात, त्याबद्दल. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती आपल्याच डीलरांपुरती ठेवल्याचा ठपका होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट नको, असंही आदेशात होतं. पुढे अपिलं झाली, पण मुद्दा जुना आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. तोंडी भांडू नका, एस्टिमेट लेखी घ्या. काम झालंच तर काढलेला जुना भाग परत मागा.

माजी सर्व्हिस अॅडव्हायजर
जुना भाग मागायचा हे खरं, मागणाऱ्याला आम्ही देत होतो. रबर न उघडता पंप लिहिला असेल तर ते चुकलंच, तेवढं मान्य करतो. पण प्रत्येक अॅडव्हायजर चोर नसतो. टार्गेट वरून येतं. महिनाअखेरीला काय ऐकून घ्यावं लागतं ते काउंटरच्या अलीकडून दिसत नाही.

म्हापसेकर
तुमचं टार्गेट माझ्या खिशातून का भरायचं? बाकी व्हॉल्वचं बोललात ते तपासून बघतो. पाइप जोडात परत बसवला की मागे धार येते का तेवढं पाहायचं. आली तर पंपाचा प्रश्नच मिटला.

फोंड्याचा गॅरेजवाला
बसवायच्या आधी पाइपचं कडक झालेलं टोक थोडं कापा, नाहीतर दाब आला की परत निसटेल. कापून आखूड पडला तर ओढूनताणून बसवू नका, जोड घालून तुकडा वाढवा. डिकी पूर्ण उघडून बघा, पाइपला ताण येता कामा नये. धार आली तर छताचं कापड सुकेपर्यंत डिकी उघडी ठेवा, बुरशी धरते.

म्हापसेकर
टोक कापून बसवलं. मागे सरळ धार येते, रबरात टिपूस नाही. आता त्या एस्टिमेटच्या कागदावर पंपापुढे कारण लिहून मागणार आहे. नाही दिलं तर १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार.