जूनमध्ये पोर्टरशला बसून नाशिकची शिफ्ट जमेल का?

कॉलेजरोडकर: उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर, पोर्टरशला दोन-तीन आठवडे राहून लॅपटॉपवर काम करायचं म्हणतेय. ऑफिसची परवानगी आहे, पण सकाळी दहाची शिफ्ट काही सुटत नाही. सासूबाई म्हणतात, कामच करायचं तर गंगापूर धरण काय वाईट! व्हिसा कोणता लागेल?

सातपूरवाला: ताई, उन्हाळ्यात तिथलं घड्याळ साडेचार तास मागे. तुमचे दहा म्हणजे तिथे पहाटेचे साडेपाच! पण अडीचला सुट्टी, आणि जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत. मी तर डोळे झाकून जाईन. उत्तर आयर्लंड यूकेत येतं, म्हणून व्हिसा यूकेचा, व्हिजिटर. २०२४पासून त्यावर इथल्या नोकरीचं ऑनलाइन काम चालतं, मात्र मुख्य हेतू फिरण्याचाच हवा. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून डब्लिनला उतरू नका. ते आयर्लंड प्रजासत्ताकात, म्हणजे वेगळा देश, व्हिसाही वेगळा.

पंचवटीकर काका: बेलफास्टहून रेल्वेने कोलरेन, तिथून पोर्टरशची गाडी. जायंट्स कॉजवे बघाच. समुद्रकाठी सुमारे ४०,००० नैसर्गिक दगडी खांब, बहुतेक षट्कोनी. दगड आपल्या पांडवलेण्यांच्याच जातीचा, बेसॉल्ट. विंडचीटर न्या, त्या वाऱ्यात छत्री उलटते.

कॉलेजरोडकर: साडेपाच?? मग गवती चहा बॅगेत आधी! बुकिंगआधी घरमालकाकडून वायफायच्या स्पीडचा स्क्रीनशॉट मागवते.