लीजच्या गाडीचे टायर: दोनच बदलू का चारही?

वर्धारोडवाला: गाडी लीजवर आहे, परत द्यायला 8 महिने बाकी अन् पुढच्या दोन्ही टायरची आतली कड पार गुळगुळीत, हात फिरवला तर खाचाच लागत नाहीत, मागचे बरे आहेत, काय करू भाऊ?

धरमपेठकर: आतूनच घासले म्हणजे अलाइनमेंट (चाकांचा कोन) गेलं असेल, ते करून घे नाहीतर नवे पण तसेच जातील. दोनच घे, पण साइज, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलते), स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालते) तेच पाहिजे. मागचे पुढे आण, नवे मागे टाक, पावसात मागून गाडी सरकत नाही.

मानेवाडा: आधी करार वाच ना, परत देताना खाचा किती खोल लागतात ते पाहा. कायद्याने किमान 1.6 मिमी. अन् हवा सकाळी थंड टायरमध्येच तपास, आपल्या उन्हात दुपारी आकडा वाढलेलाच दिसते.

वर्धारोडवाला: उद्याच अलाइनमेंटला नेतो.