पुलाच्या कुठल्या बाजूला राहत होता? (कडुना आणि जोसमध्ये राहिलेल्यांसाठी अनुभव धागा)

मागच्या महिन्यात एका लग्नात आमच्या कडुनाच्या दिवसांतली तीन कुटुंबं भेटली. पंगत उठली तरी आम्ही उठलो नाही. विषय अर्थातच २००० सालचा फेब्रुवारी, म्हणजे तिथली दंगल. गंमत म्हणजे एकाच शहरातल्या एकाच आठवड्याची तिघांची गोष्ट तीन तऱ्हेची. म्हणून हा धागा. उत्तर नायजेरियात, विशेषतः कडुना आणि जोसला राहिलेल्यांनी लिहा. किती घरं जळली, कोणी जाळली, हे इतरत्र वाचायला मिळतं. मला रोजचं हवंय. भाजी कुठून आणत होतात, ड्रायव्हर कुठे राहायचा, मुलांना काय सांगत होतात.

सुरुवात मी करते.

कडुना, १९९७ ते २००६

नवरा काकुरीतल्या एका कापड गिरणीत. ज्यांनी शहर पाहिलं नाही त्यांच्यासाठी: कडुना नदी शहराच्या मधोमध वाहते. हाउसा भाषेत कडुना म्हणजे मगरी. नदीच्या उत्तरेला सरकारी कचेऱ्या, मोठा बाजार, रिगासा, तुदुन वाडा (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पेठेतला एखादा वाडाच वाटला होता). दक्षिणेला गिरण्या, रिफायनरी, बरनावा, सबोन ताशा. उत्तरेला मुसलमान जास्त, दक्षिणेला ख्रिस्ती जास्त. पण आम्ही गेलो तेव्हा हे 'जास्त'च होतं, 'फक्त' नव्हतं. आमच्या शेजारच्या गल्लीत मशीदही होती.

१९९९ च्या ऑक्टोबरात झमफारा राज्याने शरिया कायदा आणायचं जाहीर केलं. मग कडुनातही मागणी सुरू झाली. इथे दोन्ही धर्मांचे लोक जवळपास बरोबरीने, त्यामुळे वातावरण तापलं. २१ फेब्रुवारीला, सोमवारी, ख्रिस्ती लोकांचा विरोधातला मोर्चा निघाला. दुपारपर्यंत धूर दिसायला लागला.

आमचा ड्रायव्हर मुसलमान, राहायला तुदुन वाड्यात. त्या दिवशी तो आमच्याकडे बरनावात, म्हणजे त्याच्या दृष्टीने चुकीच्या बाजूला. घरी पाठवायचं तर मधे पूल. मी त्याला स्वयंपाकघरामागच्या कोठीत ठेवलं. तांदळाची पोती, वरती माझी सोलापुरी चादर. त्याच चादरीची घडी घालून तो नमाज पढायचा. फाटकावरचा मैगाडी, म्हणजे रखवालदार, ख्रिस्ती. जमाव दोनदा आला. दोन्ही वेळा त्याने सांगितलं, आत फक्त इंडियन आहेत, दुसरं कोणी नाही. मी पडद्याआडून बघत होते. तो हात पाठीमागे बांधून उभा होता, शाळेतल्या मुलासारखा.

पाच दिवसांनी लष्कराच्या गाडीतून ड्रायव्हरला पलीकडे पोचवलं. मे महिन्यात पुन्हा भडका उडाला. दोन्ही वेळचे मिळून हजाराहून कितीतरी जास्त जीव गेले. त्यानंतर लोकांनी आपापली घरं विकली, अदलाबदल केली, मिळेल त्या भाड्याने दुसऱ्या काठाला गेले. 'जास्त'चं 'फक्त' झालं ते तेव्हा.

ड्रायव्हर कामावर परत आला, पण दक्षिणेला येईना. मग गिरणीने दोन ड्रायव्हर नेमले. बाजारातून पुलापर्यंत एक. पुलाजवळ गाडी थांबायची, किल्ली हातातून हातात जायची, पुढे दुसरा. दोघं एकमेकांच्या बायकामुलांची चौकशी करायचे. 'लाफिया?' 'लाफिया लाउ.' सगळं ठीक. सहा वर्षं मी हे मागच्या सीटवरून पाहिलं.

कफांचनजवळ, १९८१ ते १९८९

ताई, तुम्ही २००० पासून सुरुवात केलीत. आम्ही त्याआधीचे. तेलाच्या पैशावर नायजेरियाने शाळा काढल्या आणि मास्तर आमच्याकडून नेले, त्या लाटेतला मी. गणित आणि भौतिकशास्त्र.

कफांचन म्हणजे कडुना राज्याच्या दक्षिण भागातलं गाव. १९८७ च्या मार्चमध्ये तिथल्या शिक्षक महाविद्यालयात एका ख्रिस्ती प्रवचनकाराच्या बोलण्यावरून विद्यार्थ्यांत मारामारी झाली. कफांचनमध्ये मशिदी जळल्या, तर तिकडे राज्याच्या उत्तरेला झारियात चर्चं. त्या दोन गावांमधलं अंतर साधारण पुणे ते कोल्हापूर एवढं धरा. इथल्या भांडणाचा हिशेब तिथल्या माणसांनी चुकवला, ज्यांनी कफांचन कधी पाहिलंही नव्हतं.

शाळा उघडल्यावर माझ्या वर्गात मुलं आपोआप दोन बाजूंना बसायला लागली. मी हजेरीपटाप्रमाणे बसवायचा आदेश काढला. मुख्याध्यापकांनी मला बोलावून हळूच सांगितलं, मास्तर, राहू द्या, बसू देत. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं त्यांना मुलं जिवंत हवी होती आणि मला वर्ग नीट हवा होता.

एक मात्र लिहून ठेवतो. याला नुसतं धर्मयुद्ध म्हणू नका. राज्याच्या दक्षिण भागातल्या, बहुतेक ख्रिस्ती, स्थानिक जमातींची जुनी तक्रार अशी की आमच्यावर झारियाच्या अमीराची, म्हणजे तिथल्या मुसलमान राजाची, सत्ता का. १९९२ साली त्याच भागातल्या झांगोन कताफला एवढी माणसं मेली, त्याची ठिणगी पडली ती आठवडी बाजाराची जागा बदलण्यावरून. देव नंतर आले.

औषधांचा धंदा, कडुना–कानो–जोस, २००३ ते २००९

माझं थोडक्यात. गाडीत कायम झाडाची हिरवी फांदी ठेवायचो. गडबड दिसली की वायपरखाली खोचायची, म्हणजे आम्ही भांडायला आलो नाही. नाक्यावर प्रश्न ठरलेला: ख्रिस्ती की मुसलमान? 'हिंदू' म्हटलं की समोरचा गोंधळायचा, मग कुणीतरी हिंदी सिनेमातलं गाणं गुणगुणायचा आणि सोडून द्यायचा. एकदा मात्र सोडलं नाही. ते इथे लिहिणार नाही.

जोस, १९९९ ते २०११

जोसला राहिलेलं इथे कोणीच नाही की काय म्हणून वाट पाहिली, आता लिहिते. माझे यजमान तिथे प्राध्यापक. जोस पठारावर आहे, उंची साधारण १२०० मीटर, म्हणजे आपल्या पाचगणीची बहीण. जानेवारीत स्वेटर लागायचं. बटाटा, कोबी, स्ट्रॉबेरी, सगळं पिकतं. इंग्रजांनी तिथे कथलाच्या खाणी काढल्या, खाणींसाठी हाउसा मजूर आले (बहुतेक मुसलमान), इग्बो आले, योरुबा आले. बेरोम, अफिझेरे, अनागुता या जमाती मूळच्या, बहुतेक ख्रिस्ती.

आता ज्याच्यावरून रक्त सांडलं तो कागद सांगते. नायजेरियात 'इंडिजीन'चा दाखला लागतो. मूळ रहिवासी असल्याचा दाखला म्हणा. सरकारी नोकरी, शिष्यवृत्ती, कॉलेजातला प्रवेश, सगळीकडे तो मागतात. यजमानांच्या वर्गातल्या एका हाउसा मुलाचे आजोबा जोसमध्येच जन्मलेले, तरी त्याला दाखला मिळेना. 'मग मी कुठला?' असं तो आमच्या दिवाणखान्यात बसून विचारायचा. आणि बेरोम शेजारीण म्हणायची, आमच्याच जमिनीवर उद्या आम्ही पाहुणे होऊ. मला दोघांचंही पटायचं, आणि दोघांसमोर मी चहाच ठेवू शकत होते.

७ सप्टेंबर २००१, शुक्रवार. नमाजाच्या वेळी मशिदीसमोरचा रस्ता अडवलेला, तिथून एका ख्रिस्ती मुलीला पलीकडे जायचं होतं. एवढंच निमित्त. त्या आधी महिनाभर एका सरकारी नेमणुकीवरून शहर धुमसत होतं. आम्ही घरात अडकलो. ११ तारखेला रेडिओवर न्यूयॉर्कची बातमी आली तेव्हा आमच्याच गल्लीत जळकट वास होता. मुंबईहून बहिणीचा फोन लागला, म्हणाली, अमेरिकेत केवढं झालं गं! तिला आमच्याबद्दल काही माहीतच नव्हतं. आठवडाभरात हजाराच्या आसपास माणसं मेली होती.

पुढच्या वर्षी मोठा बाजार जळला आणि आमचा खरा स्वयंपाक तिथपासून बदलला. बटाटा-कोबी बेरोम बायका विकायच्या, कांदा-टोमॅटो हाउसा व्यापाऱ्यांकडे. पूर्वी एका फेरीत पिशवी भरायची. नंतर बाजारही वाटले गेले. बटाटा एकीकडे, कांदा दुसरीकडे, मधे सैनिकांचा नाका. कर्फ्यू असला की ज्या बाजूला जाता आलं तिथली भाजी. मुलं ओळखायची. आज नुसता बटाटा म्हणजे आई 'तिकडे' गेली नाही. कांद्याशिवाय रस्सा करायला मी जोसमध्ये शिकले, नाहीतर आमच्या घरात ते पाप होतं.

ओढणीचंही सांगते. मुसलमान वस्तीत शिरताना ओढणी डोक्यावर, बाहेर पडताना खांद्यावर. कोणी सांगितलं नव्हतं, हाताला सवयच लागली. पुण्यात आल्यावरही एखादी गल्ली वळताना हात वर जायचा.

२००८ च्या नोव्हेंबरात स्थानिक निवडणुकीवरून पेटलं, २०१० च्या जानेवारीत पुन्हा, मार्चमध्ये जोसजवळच्या दोगो नहावा खेड्यात कत्तल. २०१० च्या नाताळच्या आदल्या रात्री बॉम्ब. आम्ही २०११ ला सामान बांधलं.

पण दादिन कोवाचं नाव घेतल्याशिवाय थांबले तर माझी कामवाली मला माफ करणार नाही. ती तिथली. जोसमधली ती मिश्र वस्ती शेवटपर्यंत मिश्र राहिली. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी, तरुण पोरांनी, बायकांनी आपसात ठरवलं होतं की बाहेरून कोणीही आलं तरी आत घ्यायचं नाही आणि इथल्या कोणाला बाहेर जाऊन लढू द्यायचं नाही. हे एकदा ठरवून भागत नाही. ती सांगायची, अफवा आली की मध्यरात्रीसुद्धा बैठक. दुसऱ्या दिवशी झोप न झाल्याने ती माझ्याकडे भांडी आपटायची. शांततेचा आवाज म्हणजे मला अजूनही ती भांडीच.

कडुना, जन्म १९९१

मी या सगळ्यांच्या मुलांपैकी एक. २००२ च्या नोव्हेंबरात नायजेरियात जागतिक सौंदर्यस्पर्धा होणार होती. एका वर्तमानपत्रात पैगंबरांचा उल्लेख करून काहीतरी छापलं गेलं, त्या पत्राची कडुनातली कचेरी जाळली, मग शहर. स्पर्धा लंडनला गेली. मला आठवतं ते एवढंच की शाळेच्या बसमध्ये आम्हाला सीटखाली बसवलं होतं आणि बाई दोन्ही प्रार्थना शिकवत होत्या. आधी एक, मग दुसरी. कोणी विचारलं तर जी हवी ती म्हणा. मी अकरा वर्षांचा. माझी दुसरी प्रार्थना नीट पाठ झाली नाही म्हणून मी रडत होतो.

आणि एक, जे मला मोठेपणी कळलं. हाउसा बायबलमध्येही देवाला 'अल्ला'च म्हणतात. सबोन ताशातली ख्रिस्ती म्हातारीसुद्धा 'ना गोदे अल्ला', देवाचे आभार, म्हणते.

मुंबई, नायजेरियात कधीच नव्हतो

धाग्याचा नियम मोडतोय. ९२-९३ ला आम्ही भायखळ्यात होतो. घरं बदलणं, ओळखीच्या दुकानाला वळसा घालून जाणं, सगळं ओळखीचं वाटलं. एक विचारायचं होतं, आपल्याकडच्या मोहल्ला समित्यांसारखं तिथे काही झालं का?

कफांचनवाले मास्तर पुन्हा

झालं. कडुनात इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये ही जोडी. दोघंही आधी आपापल्या बाजूच्या तरुण टोळ्यांचे पुढारी. १९९२ च्या हिंसाचारात पास्टरचा उजवा हात गेला, इमामांचे गुरू आणि दोन चुलतभाऊ गेले. १९९५ साली दोघांनी मिळून समेटाचं काम सुरू केलं. त्यांच्या प्रयत्नानंतरही २००० घडलं, हे विसरू नका. मला अशा गोष्टींनी भरून येत नाही, वय झालंय. पण २०१८ ची एक बातमी मी कापून ठेवली आहे. जोसच्या दक्षिणेला, बार्किन लादीजवळच्या खेड्यात हल्ला झाला तेव्हा अब्दुल्लाही अबुबकर नावाच्या ऐंशीपार इमामांनी २६२ ख्रिस्ती लोकांना मशिदीत आणि घरात लपवलं आणि स्वतः दारात उभे राहिले.

जोसवाली

मास्तर, त्या दिवशी आजूबाजूच्या गावांत जे मेले त्यांचंही लिहा. बातमी कापताना ते कात्रीच्या बाहेर राहतात.

धागा काढणारी, पुन्हा

नवऱ्याने वाचलं. म्हणतो, पाच नाही, चारच दिवस होता ड्रायव्हर. असेल. मला निरोपांतून दोघांनी विचारलं की फाटकावरच्या मैगाडीचं पुढे काय झालं.

त्याचं कुटुंब उत्तरेला राहायचं. ज्या दिवसांत तो आमच्या फाटकावर हात पाठीमागे बांधून उभा होता, त्याच दिवसांत त्याचं घर जळलं. बायको-मुलं पोलीस बराकीत पोचली होती म्हणून वाचली. हे मला एप्रिलमध्ये कळलं, त्याने सबोन ताशात नवी खोली उभारायला पत्र्यांसाठी उचल मागितली तेव्हा. त्याआधी दोन महिने रोज सकाळी त्याने फाटक उघडलं, 'इना क्वाना, मॅडम' म्हणाला, आणि मी 'लाफिया' म्हणून गाडीत बसत होते.

उचल मिळाली. पगारातून दर महिन्याला कापून घेतली.