मुलीच्या पायावर लिनिअर मॉर्फिया: मेथोट्रेक्सेट द्यावं का? अनुभव हवेत

नमस्कार मंडळी,

मुलगी 9 वर्षांची, चौथीत. भांडुपला राहतो. गेल्या गणपतीत तिला परकर-पोलकं घालताना डाव्या नडगीवर पांढुरका डाग दिसला. सासूबाई पटकन बोलून गेल्या, "कोड नाही ना गं?" मग दोन दिवस घरात कोणी त्यावर बोललंच नाही. जवळच्या डॉक्टरांनी नायटा समजून मलम दिलं. तीन महिने इमानदारीत लावलं आणि डाग सरकत घोट्यापर्यंत पोचला. आता सरळ पट्टाच झालाय. मधे मेणासारखा चकचकीत, चिमटीत धरता येत नाही, कडेला जांभळट झाक. दुखत नाही, म्हणूनच आम्ही गाफील राहिलो.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी बायोप्सी केली. निदान: लिनिअर मॉर्फिया, म्हणजे त्वचेपुरता स्क्लेरोडर्मा (कातडी कडक होण्याचा आजार). त्यांनी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि सुरुवातीचे काही आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सांगितलंय. मी रात्री मोबाइलवर पाहिलं तर मेथोट्रेक्सेट कॅन्सरचं औषध! चिठ्ठी आठवडाभर पर्समध्येच आहे.

नुसत्या मलमाने भागणार नाही का? आणि स्क्लेरोडर्मा फुप्फुसांत जातो असं वाचलं, ते हिला होईल का? कोणाच्या घरी हे झालं असेल तर कृपया लिहा. सासूबाईंना गावच्या वैद्यांचा लेप हवाय, तो वाद वेगळाच.

– भांडुपची_आई

---

ताई, मला 34 व्या वर्षी पोटावर दोन चकत्या आल्या. तो मॉर्फियाचा प्लाक प्रकार. क्लोबेटासोल हे स्टेरॉइड मलम, नंतर टॅक्रोलिमस मलम आणि आठवड्यातून तीनदा नॅरोबँड यूव्हीबीचा, म्हणजे अतिनील किरणांचा शेक. दादरला उतरून परळपर्यंत चालत जायचे, शेक दोन-चार मिनिटांचा आणि प्रवास दीड तासाचा! कडकपणा गेला, तपकिरी डाग राहिलाय. पण माझं उदाहरण तुमच्या लेकीला लावू नका, तिचा प्रकार निराळा आहे.

– लोकलवाली

---

लहान मुलांच्या संधिवात विभागात काही वर्षं काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. तुमच्या डॉक्टरांना पर्याय म्हणून नाही.

फुप्फुसांत जाणारा तो सिस्टेमिक स्क्लेरोसिस. त्यात थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात, बोटांची कातडी आवळते. मॉर्फियाचं पुढे त्यात रूपांतर होणं फारच विरळा. रक्तात एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह आलं तरी घाबरू नका, मॉर्फियाच्या बऱ्याच मुलांत ते येतं.

मॉर्फियात चकत्यांचा प्लाक, अंगभर पसरणारा जनरलाइज्ड, खोलवर जाणारा आणि पट्ट्याचा लिनिअर असे प्रकार आहेत. मुलांत लिनिअर जास्त दिसतो. कपाळावर आला तर त्याला तलवारीचा वार म्हणतात आणि तिथे मेंदूचा एमआरआयही करावा लागू शकतो. डोळ्यांची तपासणी मात्र पायावर असला तरी एकदा करून घ्या.

मलमाबद्दल. ते वरच्या थरापुरतं. हा पट्टा खाली चरबीत, स्नायूत उतरू शकतो आणि तुमची मुलगी वाढीच्या वयात आहे. तो पाय बारीक किंवा आखूड राहू शकतो, घोटा आखडू शकतो. जांभळट कड म्हणजे आजार अजून सक्रिय आहे. औषधाचा उपयोग याच काळात. एकदा पाय आखूड राहिला की गोळी तो लांब करत नाही. लेपाचा हट्ट तिथेच संपवा.

कॅन्सरमध्ये मेथोट्रेक्सेट कैकपट मोठ्या डोसात देतात. इथे मुलांना साधारण दर चौरस मीटर शरीरक्षेत्रफळामागे 15 मिलिग्रॅम, तेही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज दिलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार चिठ्ठीवर लिहून घ्या. फॉलिक ॲसिड सोबत लागतं. रक्ताच्या पेशी आणि यकृताच्या तपासण्या ठरल्या वेळी करा. जिवंत विषाणूंच्या लशी विचारल्याशिवाय देऊ नका. केमिस्टकडून परस्पर अँटिबायोटिक तर अजिबात नको. कोट्रायमोक्साझोलसारखी औषधं मेथोट्रेक्सेटसोबत घातक ठरतात.

त्वचा मऊ पडली की लगेच बंद करायचा मोह होतो. आजार शांत झाल्यावरही किमान वर्षभर औषध चालू ठेवतात, नाहीतर पुन्हा उलटतो. दर भेटीला दोन्ही पायांची लांबी आणि पोटरीचा घेर मोजून घ्या, घोट्याचे व्यायाम फिजिओकडून शिका. खेळ, नाच बंद करू नका.

– जुना_रेसिडेंट

---

दोघांचेही आभार. काल पुन्हा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी टेपने मोजलं, दोन्ही पाय अजून सारखे आहेत. डोळ्यांची तपासणी सोमवारी. वार शनिवार रात्र ठरवलाय, म्हणजे मळमळलं तर रविवारी शाळा नाही. कॅलेंडरवर प्रत्येक शनिवारी लेकीनेच लाल गोल काढलेत. सासूबाई म्हणाल्या, गोळी मी देते, तू विसरशील.

– भांडुपची_आई