'आपले मदतनीस' पाठ झालं, आता विचार कसा करायला लावायचा?

बालवर्ग_ताई
5 वर्षांच्या मुलांचा वर्ग आहे, 22 मुलं. 'आपला परिसर' हा विषय 3 आठवडे चालवायचा आहे. चित्र दाखवलं की मुलं धडाधड सांगतात: डॉक्टर औषध देतात, पोस्टमन पत्र आणतात, ड्रायव्हर बस चालवतात. "का?" विचारलं की सगळे गप्प. वेश घालून नाटुकलं करवलं, तरी पाठ केलेलं वाक्य म्हणून खाली बसतात. क्रम लावणं, वर्गीकरण, कार्यकारण हे याच विषयातून साधायचं तर नेमकं काय बदलू?

खडू_फळा
'कोण काय करतं' हा आठवणीचा प्रश्न आहे, त्यामुळे उत्तरही पाठ केलेलंच येणार. माणसं जरा बाजूला ठेवा आणि एक वस्तू धरा: पत्र, कचऱ्याची पिशवी किंवा वाचनालयातलं पुस्तक. तिचा प्रवास मुलांना शोधू द्या.

पत्राचं उदाहरण घेऊ. 4 चित्रकार्डं पुरेत: लिहिलं, पेटीत टाकलं, छाननी झाली, घरी पोचलं. कार्डं 7-8 झाली की बरीच मुलं विचार सोडून नुसता अंदाज ठोकू लागतात. क्रम लागला की मधलं एक कार्ड पालथं घाला. "छाननी झालीच नाही तर?" "पत्र हरवेल" असं उत्तर येईल. तिथे थांबू नका. कुठे अडकेल? ते अडकलंय हे सगळ्यात आधी कोणाला कळेल? खरा विचार या दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला सुरू होतो. मग वर्गातल्या पेटीत नाव न लिहिलेली 3-4 पाकिटं टाका आणि वाटायला सांगा. पत्ता कशासाठी लागतो हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

घोळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो: टपाल कार्यालयासारख्या ठिकाणी भेटीला जाण्याआधीच आपण सगळी साखळी सांगून टाकतो. आधी अंदाज घ्या. ते मुलाच्याच शब्दांत, नावासकट मोठ्या कागदावर लिहा, चुकीचे असले तरी. 4-5 मुलांच्या गटाला एकच प्रश्न देऊन न्या, भेट 20-30 मिनिटांत आटपा. परत आल्यावर त्याच कागदावर 'आता कळलं' असा दुसरा रकाना करा. पहिला रकाना पुसू नका. आपलं मत बदललं आणि कशामुळे बदललं, हे मुलाला दिसलं पाहिजे.

ठोकळे_आणि_नकाशे
वरच्याला जोडून नकाशा घ्या, पण थेट कागदावर नको. जमिनीवर मोठा कागद पसरून शाळेच्या आसपासच्या 4-5 ठळक खुणा ठोकळ्यांनी मांडायला सांगा. मग प्रत्येक ठोकळ्याभोवती पेन्सिल फिरवायची आणि ठोकळे उचलायचे. खाली उरतो तो नकाशा. वरून पाहिलेलं चित्र म्हणजे काय, हे या वयात तोंडी समजावणं जवळपास अशक्य असतं. असं केलं की बरंचसं आपोआप उमगतं.

पुढे कागदावर चित्र काढताना मुलं रस्त्याच्या दोन्ही बाजूंची घरं आडवी पडल्यासारखी काढतील. ती चूक नव्हे, त्या वयाची रीतच आहे, दुरुस्त करू नका. प्रमाणाच्या नादीही लागू नका. त्याऐवजी कोडं घाला: "हा रस्ता खोदलाय, आता रुग्णवाहिका कुठून जाईल?" छोटी गाडी नकाशावर फिरवू द्या. एक वाट सापडली की दुसरी मागा, मग जवळची कोणती ते दोरा ठेवून मोजायला लावा.

थांबा_जरा
"का?" ला वर्ग गप्प बसतो, कारण बहुधा आपणच थांबत नाही. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात वर्गांतल्या बोलण्याचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबत होते. 3 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबल्यावर उत्तरं लांब आणि कारणांसह येऊ लागली. मनात तीनपर्यंत मोजा, आणि उत्तर आल्यावर लगेच "शाब्बास" म्हणू नका. शाब्बास ऐकलं की बाकीची मुलं विचार थांबवतात. शिवाय नुसतं "का" लहान मुलाला जाब विचारल्यासारखं वाटतं. "तुला कशावरून वाटलं?" जास्त चालतं.

नाटुकल्यात संवाद देऊच नका, अडचण द्या. दवाखान्यात 3 रुग्ण एकदम आले आणि डॉक्टर एकच, आधी कोण? खेळाआधी प्रत्येकाने "मी कोण आणि काय करणार" एवढं सांगायचं, वाटल्यास चित्र काढून.

बालवर्ग_ताई
सगळ्यांचे आभार. एक राहिलं. वर्गीकरणात मुलं साधनांची कार्डं 'कोणाचं काय' अशीच लावतात. दुसरी रीत सुचवली तरी पुन्हा तेच.

खडू_फळा
नियम बदलणं हेच अवघड असतं. 3 वर्षांची मुलं नवा नियम तोंडाने बरोबर सांगतात आणि हाताने जुनाच पाळतात. 5 व्या वर्षी बहुतेकांना जमतं, पण जुनी मांडणी समोर असली तर पुन्हा घसरतात. म्हणून 12 कार्डं पूर्ण गोळा करा, पिसा, कार्डं ज्यांत ठेवायची त्या रिंगणांचा रंग बदला आणि मग नवा नियम सांगा: चाकं असलेली-नसलेली, किंवा दिवसा लागणारी-रात्री लागणारी. पहिलं कार्ड तुम्ही लावून दाखवा. दिवस-रात्रीच्या नियमात दोन्हीकडे बसेल असं एक कार्ड मुद्दाम ठेवा, टॉर्च किंवा शिडी. त्यावरून भांडण झालं तर होऊ द्या, निकाल तुम्ही देऊ नका. दोन रिंगणं एकमेकांत सरकवून ते कार्ड मधल्या सामाईक जागेत ठेवायची युक्ती एखादं मूल काढतंच. नाहीच निघाली तर दुसऱ्या दिवशी रिंगणं जवळजवळ ठेवून पाहा.