'खोटी' लढाई आणि 'खोटीखोटी' लढाई

प्रश्न : रंगीत पोशाखांतले पाच वीर, रबरी राक्षस आणि लाथेसरशी कोसळणाऱ्या पुठ्ठ्याच्या इमारती असलेल्या लहान मुलांच्या विज्ञानकथा-मालिकांना इंग्रजीत 'कॅम्पी' म्हणतात, म्हणजे अतिरंजितपणातच ज्यांची मजा आहे अशा. एका लेखासाठी मराठी शब्द हवा आहे. 'भडक', 'बटबटीत' आणि 'बालिश' सुचले, पण तिन्हींत नाक मुरडलेले दिसते, आणि मी तर या मालिका आजही आवडीने पाहतो.

प्रतिसाद : 'नाटकी' चालेल का?

प्रतिसाद : 'नाटकी' हा शब्द माणसाच्या वागण्याला लावला की तो आरोपच होतो, त्यामुळे आपली अडचण तशीच राहते. मला वाटते, मोठ्यांच्या शब्दांत शोधण्याऐवजी मुलांच्या तोंडचा शब्द ऐकावा. मागच्या रविवारी पंचवटीत बहिणीकडे गेले होते, तेव्हा सहा वर्षांचा भाचा अशीच मालिका पाहत होता. पडद्यावर स्फोट झाला, पाचही वीर त्याकडे पाठ करून ऐटीत उभे राहिले, आणि हाही गळ्यात पंचा बांधून सोफ्याच्या हातावर चढला. मी काळजीने विचारले, "राक्षसाला लागलं का रे?" त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले आणि म्हणाला, "मावशी, ते खोटंखोटं असतं." एवढे बोलून त्याने पुन्हा पूर्वीइतक्याच आवेशाने हात फिरवला.

'खोटी लढाई' म्हटले की कोणीतरी कोणाला तरी फसवलेले असते, पण 'खोटीखोटी लढाई' म्हटले की दोन्ही बाजूंना सगळे ठाऊक असते आणि तरीही खेळ मनापासून चाललेला असतो. भातुकलीतले जेवण खोटेखोटे असते, ते खोटे आहे असे कोणी म्हणत नाही. एकाच शब्दाच्या द्विरुक्तीने आरोपाचा करार होतो, आणि आपल्याला हवी असलेली छटा नेमकी तीच आहे. 'लुटुपुटूची लढाई' याच कुळातली; मात्र वर्तमानपत्रांनी हा प्रयोग आतून संगनमत असलेल्या राजकीय भांडणांना इतका वापरला आहे की त्याला थोडा संशयाचा वास लागला आहे.

प्रतिसाद : या मांडणीला आपल्या नाशिक जिल्ह्यातला एक शब्द जोडावासा वाटतो, तो म्हणजे 'सोंग'. पेठ, सुरगाणा या भागांतल्या बोहाड्यात, म्हणजे देवदेवतांचे मुखवटे घालून नाचण्याच्या उत्सवात, मुखवटा चढवलेला माणूस संबळाच्या तालावर नाचत येतो, तेव्हा लोक 'गणपतीचे सोंग आले' असे म्हणतात. त्या वाक्यात टीका नसते. मुखवट्याआड चेहरा दिसत नसल्याने सारा भाव मान, खांदे आणि पावले यांतूनच दाखवावा लागतो, आणि शिरस्त्राण घातलेले हे वीर प्रत्येक शब्दाला मान हलवतात, मुठी आवळतात, त्यामागचे कारणही तेच आहे. ज्याला आपण अतिरेकी अभिनय म्हणतो, ती मुखवट्याची गरज आहे.

याच मुखवट्यावर एक सबंध अमेरिकी मालिका उभी राहिली. जपानमध्ये 1975 साली 'गोरेंजर'पासून अशा पाच वीरांच्या मालिकांची, म्हणजे 'सेंताई'ची, परंपरा सुरू झाली. 1993 साली अमेरिकेत 'पॉवर रेंजर्स' आली, तेव्हा 'ज्यूरेंजर' या 1992 सालच्या जपानी मालिकेतल्या लढाया तशाच उचलल्या गेल्या आणि शिरस्त्राणाविना असलेले प्रसंग अमेरिकी नटांना घेऊन नव्याने चित्रित झाले. माणसे बदलली तरी सोंग तेच राहिले, म्हणून सांधा झाकला गेला. वीरांनी रूप पालटणे याला 'रूपांतर' हा शब्द मला पाठ्यपुस्तकी वाटतो. 'सोंग घेणे' अधिक जिवंत आहे. ('मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स' या पूर्ण नावातला 'मॉर्फिन', म्हणजे रूप पालटणारे, हा शब्द पाहून आमच्या घरातल्या औषधविक्रेत्याला वेदनाशामक आठवले होते, तेही सांगून टाकतो.)

प्रतिसाद : मग पाच जणांच्या समूहाला काय म्हणावे? 'टोळी' बदनाम आहे, 'संघ' म्हटले की क्रिकेट आठवते. 'चमू' मुळात सेनेचाच शब्द, पण आता तो डॉक्टरांच्या बातम्यांत अडकला आहे.

प्रतिसाद : 'पथक' म्हणावे. जपानी 'सेंताई' या शब्दातला 'सेन' म्हणजे युद्ध आणि 'ताई' म्हणजे पथक, त्यामुळे अर्थही जुळतो. शिवाय नाशिकच्या मुलांनी गणेशोत्सवात एकसारख्या पोशाखातले ढोलपथक पाहिलेले असते.

प्रश्नकर्ता : सर्वांचे आभार. 'पथक' घेतले, 'सोंग'ही घेतले. 'खोटीखोटी' मनापासून पटले, परंतु छापताना मुद्रितशोधक दुसरा 'खोटी' चुकून पडला आहे असे समजून हमखास खोडतील, म्हणून हस्तलिखिताच्या समासात 'द्विरुक्ती मुद्दाम आहे' असे लाल शाईने लिहून पाठवत आहे.